दहाव्याला टाळी नसते

डब्लिन,
२ फेब्रुवारी २०२५

इंदरदादा,

फोन न करता मेलवर लिहितेय. फोनवर मी रडते आणि तू "आवाज कटतोय" म्हणून ठेवून देतोस. लिहिलं की दोघांची सोय होते.

अण्णा गेले हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. सांडूकाकांनी सांगितलं. राजूदादाला मी फोन केला तर म्हणाला, "आता येऊन काय करणार, राख सावडून झाली." सख्खा भाऊ असून त्यानं हे सांगताना आवाजसुद्धा चढवला नाही. मी तिकीट बघत बसले होते, ते बंद केलं.

तू आतेभाऊ, तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा लिहून ठेवते. मी परजातीतल्या बिजूशी लग्न केलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, ही परत या घरात येणार नाही. एकदाच म्हणाले. पुन्हा कधी उच्चारलं नाही आणि मोडलंही नाही. आईला वेगळा फोन नाही. राजूदादाच्या फोनवर बोलते, तो समोर उभा असतो, मग आम्ही पावसापाण्याचं बोलतो. अण्णा गेल्यावर मला वाटलं होतं, आता आई म्हणेल, ये. तिनं म्हटलेलं नाही. बोलावल्याशिवाय मी येणार नाही, एवढा अण्णांचा हट्ट माझ्यातही उतरलाय.

दहाव्याला कायगावच्या घाटावर तू कॅमेरा लावला होतास असं कळलं. मला ती फिल्म पाठव. बासरी नको, पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या नकोत. मला एकच बघायचंय. गावाकडचे सगळे सांगतात की कावळा शिवत नव्हता, मग राजूदादा काहीतरी बोलला आणि लगेच शिवला. काय बोलला हे मात्र कुणी सांगत नाही. विचारलं की विषय हवेवर जातो.

त्या सकाळी घाटावरच्या वेळेचा हिशोब करून मी सांडूकाकांना फोनही लावला होता. नुसता चालू ठेवून खिशात टाका म्हणणार होते, म्हणजे मला गुरुजी तरी ऐकू आले असते. त्यांनी कट केला. तेव्हा वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

रूपा


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर,
९ फेब्रुवारी २०२५

रूपे,

लिंक पाठवलीय. बासरी आहे. राजूसाठी तयार केलेली हीच कॉपी हाताशी होती, आणि आमच्याकडं बासरीशिवाय दहावा कुणी घेत नाय. गिऱ्हाइकाला रडायचं असतं, पण रडताना वाऱ्याची घरघर नको असते.

आधी धंद्याचं सांगतो, म्हणजे बघताना तुझा घोळ होणार नाय. कावळ्याला कॅमेरा चालत नाय. आपण जवळ उभं राहिलो की तो येत नाय आणि मग सगळं पाहुणं आपल्याकडं खाऊ का गिळू बघतं. म्हणून मी घाटाच्या अगदी वरच्या पायरीवरून झूम करून घेतो. एवढ्या लांब आवाज येत नाय. म्हणून आवाजाचं यंत्र वेगळं, खाली ठेवतो. साबणाच्या वडीएवढं असतं. गुरुजींच्या उपरण्याला अडकवणार होतो, ते म्हणाले सोवळ्यात यंत्र नको. मग मामीच्या मांडीवर रुमालात गुंडाळून ठेवलं. म्हटलं, हलवू नको मामी, हे रूपीला पाठवायचंय.

म्हणजे चित्र एकीकडं आणि आवाज एकीकडं. दोन्ही मागून स्टुडिओत जुळवायचे. लग्नात हे सोपं असतं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हातावर हात आपटलेला चित्रात दिसतो, फट् आवाजात सापडतं, दोन्ही एकाखाली एक आणले की पुढचं सगळं आपोआप जुळतं. आता दहाव्याला टाळी कोण वाजवणार? पैठणला एकदा मी सवयीनं वाजवली होती. मयताच्या जावयानं माझी कॉलर धरली.

टाळी नसली तर कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज कामाला येतो, पण त्या दिवशी माइकची पिन अर्धीच बसली होती. चित्र सगळं मुकं आलं. तोंडं बघून जुळवावं तर सगळ्यांची तोंडं नदीकडं आणि पाठी माझ्याकडं. म्हणून मी एकच खूण धरली. कावळा पिंडावर बसला की लोक "शिवला, शिवला" करतात. चित्रात कावळा बसलेला, आवाजात "शिवला" आलेलं, तिथं जोड मारला.

आता तू विचारलंस ते. लई वेळ कावळा येत नव्हता. समोरच्या झाडावर चार बसले होते, पण खाली उतरायला तयार नायत. गुरुजी म्हणाले, मयताच्या मनात काय राहिलं असंल तर बोला. राजू म्हणाला, विहीर पुरी करतो. नाय आला. म्हणाला, संस्कृतीला पाहिजे तितकं शिकवतो. नातीचं नाव काढूनबी नाय आला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले होते. मग राजू पुढं झाला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचा शब्द मोडणार नाय. रूपीला मी घरात घेणार नाय. निवांत जा." आणि कावळा उतरला.

मी हे झाकू शकलो असतो. पण तू बघणारच होतीस.

इंद्रजीत


डब्लिन,
१६ फेब्रुवारी २०२५

इंदरदादा,

बघितली. एकदा एकटीनं, एकदा बिजूबरोबर. त्याला मराठी कळत नाही, म्हणून त्यानं विचारलं की कावळ्यानं काय सांगितलं. म्हटलं, येऊ नको. तो म्हणाला, कावळे इथंही आहेत, दुसऱ्याला दाखवून घेऊ. दोघंही नर्स असल्याचा हा परिणाम. मी हसले आणि मग बराच वेळ भांडी घासत बसले.

राजूदादावर राग आला, खरं सांगते. अण्णांनी एकदा म्हटलेलं त्यानं परत म्हटलं, तेही चारचौघांत, गोदावरीच्या काठावर. अण्णांच्या बोलण्याला निदान अण्णांबरोबर जायची मुभा होती. आता पिंडापुढं दिलेला शब्द, तो राजूदादा मरेपर्यंत मोडणार नाही. आणि आई त्याच्या घरात राहते. म्हणजे माझा विषय संपला, असंच ना?

पण एक विचारायचंय. "शिवला, शिवला" झाल्यानंतर, बासरी जिथं वर चढते तिथं, खाली कुणीतरी पुटपुटतंय. ती आई आहे. शब्द लागत नाहीत, पण आईचा आवाज मी बासरीखालूनही ओळखते. ती काय म्हणतेय?

तिथला आवाज मला उघडा पाठव. बासरी काढ. तू जे जे साफ केलं असशील तेही परत घाल, खोकले, गाड्या, सगळं.

रूपा


औरंगपुरा,
२७ फेब्रुवारी २०२५

रूपे,

उशीर झाला. लग्नसराई आहे, क्रांती चौकातून स्टुडिओपर्यंत यायलाच माझा निम्मा दिवस जातो.

उघडा आवाज पाठवलाय. मी त्यातून बरंच झाडून काढलं होतं. पुलावरचे ट्रक, कुणाच्या तरी मोबाईलची रिंग, सांडूकाकांचा तंबाखूचा खोकला. सगळं जिथल्या तिथं परत ठेवलंय.

मामीचं बोलणं मी हेडफोन लावून ऐकलं. आधी ऐकलं नव्हतं हे खरं. काम करताना आम्ही आवाज ऐकत नाय, पडद्यावर त्याच्या रेघा बघतो. जिथं रेघ बारीक, तिथं बासरी. मामी बोलते ती रेघ अगदी बारीक आहे. ती म्हणते, "तुम्ही सुटलात. आता रूपीला मी घरात घेणार. राग धरू नका." एवढंच. यंत्र तिच्या मांडीवर होतं म्हणून आलं. दोन हातांवर उभ्या माणसालाबी ऐकू गेलं नसंल.

आता पुढचं नीट वाच. मामीच्या बोलण्यानंतर आवाजात परत एकदा "शिवला, शिवला" येतं. म्हणजे दोनदा आहे. एकदा राजूच्या शब्दामागं, एकदा मामीच्या शब्दामागं. त्या सकाळी घाटावर आपल्यासकट तीन घरांचे दहावे होते. पिंडं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. यातलं एक "शिवला" आपलं आणि एक शेजारच्यांचं. मी पहिलं सापडलं ते धरलं. दुसरं धरलं असतं तर?

तर धरून बघितलं. आवाज जरासा अलीकडं ओढला. आता राजू बोलतो, झाड हलतं, कुणी येत नाय. मामी पुटपुटते आणि कावळा उतरतो. ती कॉपीबी पाठवलीय. बघ कशी वाटते. मला तर पहिल्यापेक्षा बरी वाटली. कावळा मामीचं ऐकून आल्यासारखाच येतो.

खरं कुठलं, ते मला माहीत नाय. मी कॅमेऱ्याला डोळा लावून होतो, माझ्या कानात वाराच होता. सांडूकाकांना विचारलं, ते म्हणाले गडबड होती बाबा, सगळेच बोलत होते. राजूला विचारलं नाय. तो मोठ्यानं बोलला म्हणून लोकांनी कावळा त्याच्या नावावर टाकला असंल. मामीचं कुणी ऐकलंच नव्हतं.

इंद्रजीत


डब्लिन,
२ मार्च २०२५

इंदरदादा,

काय लिहू. आई म्हणाली. ती म्हणाली होती, जानेवारीतच म्हणाली होती, आणि मी दीड महिना इकडं तोंड पाडून फिरत होते.

तुझी दुसरी कॉपी मी इतक्या वेळा बघितली की बिजूला आता "राग धरू नका" एवढं मराठी येतं. माझ्यावर वापरूनही झालं. आज वॉर्डात गेले आणि सुट्टीचा अर्ज दिला. पाडवा झाला की पहिल्या आठवड्यात. दोघांची तिकिटं बघून ठेवलीत, अजून घेतली नाहीत.

माझं एक काम कर. ही कॉपी घेऊन वेरूळला घरी जा आणि राजूदादाला दाखव. तो कावळा मानतो. कावळा त्याच्या शब्दावर आलाच नाही हे त्याला दिसलं, तर तो शब्द त्याला बांधून राहणार नाही. अण्णांनी आईचं ऐकलं म्हटल्यावर तो कोण आडवा पडणार? मला त्याच्याशी भांडायचं नाही. मला आईच्या हातचं खायचंय आणि तिच्याजवळ चार दिवस झोपायचंय, बास.

शक्य तितक्या लवकर जा. तुझा धंदा बुडत असेल तर बुडू दे एक रविवार.

रूपा


डब्लिन,
८ मार्च २०२५

इंदरदादा,

वेरूळला गेला नसशील तर थांब. गेला असशील तर काय झालं ते आधी कळव आणि मग पुढचं वाच.

आईचं वाक्य ऐकायला मी तुझा उघडा आवाज रोज लावते. कामावर जाताना बसमध्येही. त्यात आईच्या बोलण्याच्या जरा आधी मोबाईल वाजतो. तू लिहिलं होतंस "कुणाच्या तरी मोबाईलची रिंग". कुणाच्या तरी नाही. सांडूकाकांच्या फोनवर खंडोबाची आरती वाजते, सगळ्या वेरूळला माहीत आहे. आणि दोन ओळी होऊन तुटते. त्या सकाळी तेवढ्यातच माझा फोन कट झाला होता. ती मीच आहे, दादा. मीच वाजतेय.

मग मी चित्राकडं बघितलं. इतके दिवस मी फक्त कावळ्याकडं बघत होते. उजव्या कडेला सांडूकाका उभे आहेत, पाठमोरे. ते बंडीच्या खिशात हात घालतात, फोन काढतात, डोळ्यांजवळ नेऊन बघतात आणि परत ठेवतात. अगदी स्वच्छ दिसतं. आणि हे ते करतात तेव्हा कावळा पिंडावर येऊन बसलेला आहे.

तुझ्या दुसऱ्या कॉपीत रिंग आधी वाजून जाते, मग आई बोलते, मग कावळा येतो, आणि त्याच्याही नंतर काका खिशात हात घालतात. वाजून गेलेला फोन माणूस एवढ्या उशिरा कशाला काढेल? तू आवाज नको इतका सरकवलायस. तुला टाळी हवी होती ना, ही घे. फोन वाजलेला ऐकू येतो आणि काढलेला दिसतो.

हे मी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. न सांगता चाललं असतं. तुला कळलं नसतं, राजूदादाला कळलं नसतं. तिकिटं काढायचा शेवटचा दिवस गाठून मी गप्प बसले असते तर एप्रिलमध्ये घरी असते. पण मग मी आईच्या समोर बसून जेवताना तो कावळा डोक्यात घेऊन बसले असते. आणि माझ्या भावाला मी फसवून घरात शिरले असते. तो जसा असेल तसा असेल, पण त्या दिवशी तो खोटं बोलला नव्हता.

मला माहीत आहे, रिंगवर जुळवलंस की कावळा परत राजूदादाकडं जाणार. सरकव.

रूपा


औरंगपुरा,
२० मार्च २०२५

रूपे,

मी गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर मुद्दाम टाळत होतो. ती दुसरी कॉपी मला फार पटली होती आणि जे फार पटतं त्याच्यावर माझा धंद्यातबी विश्वास नसतो.

तुझं पत्र वाचून बसलो. रिंगेची पहिली रेघ आणि काकांचा हात खिशात जातो ती जागा, दोन्ही एकाखाली एक आणले. जुळायला वेळ लागला नाय. काकांचा खोकला त्यांच्या खांद्याच्या हलण्यावर येऊन बसला. गुरुजींनी तांब्या ठेवला तो दगडावर वाजला. सगळं चोख. मग कावळ्याकडं गेलो. पहिला जोडच बरोबर होता, रूपे. राजूचं "निवांत जा" संपायच्या आत कावळा पिंडावर. पहिलं "शिवला" आपलं, दुसरं शेजारच्यांचं.

एक डाव वाटलं तुला कळवू नये, तशीच दुसरी कॉपी ठेवावी. पण तू स्वतः "सरकव" म्हणालीस, त्याच्यापुढं मी कोण.

मग रविवारी वेरूळला गेलो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. बासरी काढलेली, जुळवलेली कॉपी. राजू, वहिनी, संस्कृती, सांडूकाका, मामी, सगळे बसले. आधी मी सगळा घोळ सांगितला, दोन "शिवला"पासून तुझ्या फोनपर्यंत. तू लिहिलेलं शेवटचं पत्र राजूला वाचून दाखवलं. तुला विचारलं नाय, रागावायचं तर रागाव. "फसवून घरात शिरले असते" इथं आल्यावर त्यानं टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि उगाच त्याचे सेल काढून परत घातले.

फिल्म लागली. राजू बोलला, कावळा बसला. मग आरती वाजली आणि पडद्यावर सांडूकाकांनी खिशात हात घातला, तर इथं बसलेल्या काकांचाबी हात खिशाकडं गेला. संस्कृती हसली. मग मामीचा आवाज आला. टीव्हीवर तो मोठा येतो, खोलीभर. राजूनं तो पहिल्यांदाच ऐकला. त्यानं मामीकडं बघितलं. मामी टीव्हीकडंच बघत होती.

संपल्यावर राजू म्हणाला, "मी बोललो ते बोललो." मी म्हटलं, व्हय. मग रिमोट खाली ठेवत म्हणाला, "आईचंबी आलंय की यात." आणि मोटर बंद करायला निघून गेला. मळ्याची लाइट वेगळी, ती त्या वेळी नव्हती, मोटर बंदच होती.

मामीनं संस्कृतीकडून कागद मागून घेतला. मला म्हणाली, चहा घे, मला वेळ लागंल. त्या दिवशी पुरं झालं नाय. दुसऱ्या दिवशी मळ्यातली अद्रक घेऊन टेम्पो शहरात आला, त्याच्याबरोबर पत्र पाठवलं. त्याचा फोटो सोबत जोडलाय. कागद स्पीड पोस्टानं येईल.

इंद्रजीत


वेरूळ,
सोमवार

रूपे,

आईचा हात डोक्यावर हाय असं समज आणि वाच. माझं अक्षर सातवीतलंच हाय, संभाळून घे.

तुम्ही दोघा भावंडांनी दीड-दोन महिने यंत्रात धुंडाळलं. कावळा राजाच्या बोलण्यावर बसला ते मला त्याच दिवशी माहीत होतं. मी तिथंच बसले होते की, तोंड पिंडाकडं करून. मला कुणी इचारलं नाय. इंदर लई शिकला, पण त्यालाबी सुचलं नाय की मामीला इचारावं.

मी कावळा येईस्तोवर मुद्दाम गप बसले. तुझं नाव माझ्या तोंडात होतं, पण काढलं नाय. मला भ्याव वाटलं. मी ते बोलले आणि कावळा आलाच नाय तर? ते अडकून पडले असते, आणि सगळ्यांनी तुझ्या नावानं बोटं मोडली असती. राजा बोलला, ते सुटले. बरं झालं. राजानं बापाला मोकळं केलं, त्याच्यावर माझा राग नाय. तूबी धरू नको.

मग सगळे उठले. गुरुजी सामान आवराया लागले. मीबी उठणार तर सांडूभावजींचा फोन वाजला. त्यांनी बघितला, बंद केला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला कळलं कुणाचा ते. इतक्या लांबून बरोबर त्या घडीला दुसरं कोण लावणार? तवा मी बसले परत आणि बोलले. तू फोन लावला नसता तर मी तशीच उठून गाडीत बसले असते, खोटं कशाला लिहू. मांडीवरचं यंत्र तुला जाणार हाय हेबी माझ्या ध्यानात होतं. म्हणून वाट बघत बसले, तू ऐकशील आणि येशील. तुला बासरी ऐकाया मिळाली.

त्यांना ते ऐकू गेलं का, आणि गेलं तर काय वाटलं, मला ठावूक नाय. कावळ्यालाबी नसंल.

आता कामाचं. तिकीट काढ. जावयांनाबी घेऊन ये. राजा शब्दाचा हाय, तो म्हणतो ती दोघं हायत तवर मी मळ्यात राहतो, अद्रकीची काढणी चाललीय, तिथं माणूस लागतंच. मी बरं म्हणले. त्याचा डबा दुपारी मळ्यात न्यावा लागंल. माझे गुडघे काय तेवढं चालू देत नायत, आणि सूनबाईला घरचं काम. डबा तू नेशील. तो तुला घरात घेणार नाय म्हणाला, मळ्यात येऊ नको असं म्हणाला नाय. मी इंदरला फिल्म परत लावाया लावून ऐकून घेतलं.

हे मी राजालाबी सांगितलं, डबा रूपी आणंल म्हणून. तो बैलाला पाणी दाखवत होता. बैल पिऊन हटला. मग म्हणाला, तिला भरीत अजून पहिल्यासारखं येतं का इचार.

तुझी आई
आशाबाई